लाखेच्या मोहरेपासून हॅश मूल्यापर्यंत : गुन्हे तपासातील दृश्य पुराव्याचा इतिहास (महाराष्ट्रातील खटल्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

गुन्ह्यांच्या तपासात छायाचित्र व चित्रफीत यांना आज अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातही साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था व महामार्गालगतची दुकाने येथे कॅमेरे दिसतात. चोरी, अपघात वा खून घडताच पोलीस प्रथम जवळच्या कॅमेऱ्याचा शोध घेतात. 'चित्र खोटे बोलत नाही' हा समाजात रूढ झालेला समज मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. चित्र कोणी टिपले, कोणी सांभाळले व न्यायालयापर्यंत कसे आणले, यांवरच त्याचे मोल ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही खटल्यांच्या आधारे या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

ध्वनिफितीचा वारसा

या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा ध्वनिफितीत सापडतो. युसूफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील लाचप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. असे करताना न्यायालयाने त्याची तुलना घटनेच्या छायाचित्राशी केली. म्हणजे छायाचित्राची ग्राह्यता तोवर गृहीत होती आणि त्याच मापाने ध्वनी मोजला गेला. या प्रकरणातील फीत मोहोरबंद न करता पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवलेली होती. त्यामुळे तीत फेरफार झाल्याचा आक्षेप उपस्थित होऊ शकतो, याची न्यायालयाने दखल घेतली. साक्षीपुराव्यांमुळे फीत अखेर स्वीकारली गेली. परंतु अशा पुराव्याकडे सावधपणे पाहण्याचा दंडक घालून दिला गेला. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) या खटल्यात संभाषणाचा विषयाशी संबंध, आवाजाची ओळख आणि खाडाखोड न झाल्याची खात्री या तीन अटी स्पष्ट झाल्या.

छायाचित्रकार साक्षीदार म्हणून

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे सेबॅस्टियन डिसोझा व श्रीराम वेर्णेकर या वृत्तपत्र छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून हल्लेखोरांची छायाचित्रे टिपली. अजमल कसाबविरुद्धच्या खटल्यात ही छायाचित्रे महत्त्वाचा पुरावा ठरली. तथापि ती एकटी न्यायालयात आली नाहीत. छायाचित्रकारांनी स्वतः साक्ष दिली, उलटतपासणीस तोंड दिले आणि प्रत्यक्षदर्शींच्या कथनाशी चित्रांचा मेळ घातला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशीची शिक्षा कायम केली. चित्रामागे उत्तर देणारा माणूस उभा असला की पुरावा किती बळकट होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रमाणपत्राचा प्रश्न

दुकानातील कॅमेऱ्यामागे मात्र कोणीच उभे नसते. ही उणीव भरून काढण्याचे काम कायद्याने प्रमाणपत्राकडे सोपविले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० द्वारे पुरावा कायद्यात कलम ६५-ब समाविष्ट झाले. २००५ मध्ये संसद हल्ला खटल्यात प्रमाणपत्राची अट शिथिल झाली. २०१४ मध्ये अन्वर खटल्यात ती पुन्हा कठोर झाली. या संदिग्धतेवर निर्णय झाला तो जालन्याच्या निवडणूक खटल्यात. अहिल्यानगर जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्याच औरंगाबाद खंडपीठातून हा वाद दिल्लीस गेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला काय, हे अधिकाऱ्यांच्या दालनातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळत नसेल तर अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही. हा खटला फौजदारी नसला तरी त्यातील तत्त्व फौजदारी न्यायालयांनाही लागू आहे.

नवी मोहोर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग झाले असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. त्यात हॅश मूल्याची नोंद करावी लागते. फाईलमधील संपूर्ण माहितीवर गणिती प्रक्रिया करून मिळणारी ही अक्षर-अंकांची ओळ होय. फाईलमध्ये किंचित बदल झाला तरी ही ओळ बदलते. लाखेच्या मोहरेचे काम आता ती करते. परंतु मोहोर लावण्यापूर्वी काय घडले, हे लाखेप्रमाणेच हॅशही सांगू शकत नाही.

यामुळेच पहिले काही तास निर्णायक ठरतात. साठवणूक यंत्रातील जुने चित्रण ठरावीक काळाने आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चित्रण होते. यंत्राचे घड्याळ मागे-पुढे असते. पडद्यावरील दृश्य मोबाईलने टिपल्यास मूळ फाईलमधील तांत्रिक नोंदी हरवतात. प्रयोगशाळा अंधूक चित्र उजळू शकते; कॅमेऱ्याने न टिपलेला चेहरा निर्माण करणे हे मात्र विश्लेषण नव्हे.

समारोप

सहा दशकांत साधने पालटली. प्रश्न मात्र तोच राहिला : पुरावा कोणाच्या हाती होता? या प्रश्नाचे उत्तर नीट न मिळाल्यास अपराधी सुटू शकतो आणि केवळ चेहरेपट्टीच्या साम्यामुळे निरपराध्यास तुरुंग भोगावा लागू शकतो. म्हणून दृश्य पुराव्याची विश्वासार्हता प्रयोगशाळेइतकीच तालुक्याच्या पोलीस ठाण्यातील पंचनाम्यावर अवलंबून आहे. यंत्राचा क्रमांक, घड्याळातील फरक, प्रत घेणाऱ्याचे नाव व वेळ या साध्या नोंदी पहिल्याच दिवशी होणे, हेच या इतिहासाचे सार आहे.