दुष्यंताचे वय

धंतोलीहून निघाले की पन्नासेक किलोमीटरवर रामटेक लागते. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे अनेक विद्वान मानतात, म्हणून कालिदास आपल्याला घरचाच वाटतो. आज त्याच्या शाकुंतलातल्या नायकाविषयी थोडे बोलू.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. तिथला राजा सगळे आठवत असूनही भर दरबारात शकुंतलेला ओळख देत नाही. आकाशवाणी होते तेव्हा कुठे तिला पदरी घेतो. कालिदासाच्या नाटकात मात्र दुर्वासांचा शाप आहे, अंगठी आहे. राजा खोटा नव्हता, त्याची स्मृतीच हरपली होती, असा त्याचा अर्थ. पण हा शाप आपल्या गळी उतरायचा केव्हा? आश्रमातले प्रेम आधी खरे वाटले तर! त्यातून दुष्यंत काही कोवळा पोर नव्हे. त्याच्या महालात राण्या आहेत. तेव्हा प्रेक्षकाच्या मनात संशयाला जागा आहेच. ती वाढवायची की बुजवायची, हे नटाच्या हाती असते.

व्ही. शांताराम यांनी ही कथा दोनदा पडद्यावर आणली. १९४३ चा ‘शकुंतला’ हा त्यांच्या राजकमल संस्थेचा पहिला चित्रपट. जयश्री शकुंतला आणि चंद्रमोहन दुष्यंत. हा नट ‘अमृतमंथन’मधल्या भेदक डोळ्यांच्या राजगुरूमुळे गाजलेला, पण वय सदतिशीच्या आतबाहेर. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात तो चित्रपट १०४ आठवडे चालला.

पुढे १९६१ साली ‘स्त्री’ आला. शकुंतला झाल्या संध्या, आणि दुष्यंत स्वतः शांताराम. त्यांचा जन्म १९०१ चा, म्हणजे साठीच आली होती! त्यांच्या अभिनयात खोट होती, असे नव्हे. चारच वर्षांपूर्वी ‘दो आँखें बारह हाथ’मधला जेलर त्यांनी असा उभा केला की दुसरा कोणी डोळ्यांपुढे येत नाही. जेलरला लागतो वडीलधाऱ्याचा धीर, दुष्यंताला लागते पहिल्या भेटीतली ओढ. वडीलधारा पुरुष आश्रमकन्येपुढे उभा राहिला की आपल्याला तिची काळजी वाटू लागते. मग राजाचे विसरणे सबबीसारखे भासते. कालिदासाने निस्तरलेला दोष अशा निवडीने पुन्हा राजाच्या माथी येतो.

कोणी म्हणेल, बालगंधर्वांनी उतारवयातही तरुण नायिका केल्याच ना? केल्या. पण रंगभूमीवर अंतर असते, गाणे असते, प्रेक्षक आपण होऊन वय विसरतो. कॅमेरा चेहऱ्याला जाऊन भिडतो; तो काही विसरू देत नाही.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी शाळेत नाटक बसवताना एवढे ध्यानी धरावे. सर्वांत चांगला नट कोण, हा प्रश्न नंतरचा. या कथेला कोणावर विश्वास बसायला हवा, हे आधी ठरवावे.