बारव, जीवाणू आणि शुद्धतेची कल्पना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील बारवेमुळे अभ्यासकांना परिचित आहे. या बारवेच्या पायऱ्या सर्पिलाकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. नळयोजना येण्यापूर्वी मराठवाड्यातील अनेक गावांची तहान अशाच बारवांनी भागविली. पाणी कितीही खोल गेले तरी माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, हा या रचनेचा हेतू होय. परंतु जेथे माणूस पाण्यात उतरतो, तेथे त्याच्या हातापायांबरोबर जीवाणूही उतरतात. पाणी कशाने अशुद्ध होते, या प्रश्नाला समाजाने व विज्ञानाने दिलेली उत्तरे भिन्न होती. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवाणूंचे स्वरूप :
जीवाणू हे एकपेशीय सजीव असून त्यांच्या पेशीत आवरणयुक्त केंद्रक नसते. बहुतेकांची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. ते द्विभाजनाने वाढतात. आतड्यातील 'ई. कोलाय' अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या गतीने एका जीवाणूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जीवाणू निर्माण होऊ शकतात. सर्वच जीवाणू अपायकारक नसतात. दुधाचे दही तेच करतात आणि तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला तेच मिळवून देतात.

पटकी आणि पाणवठा :
एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथींनी असंख्य बळी घेतले. साथ आली की गावोगावी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. रोगाचे कारण दिसत नव्हते, तेव्हा समाजाने आपल्या परीने शोधलेला हा उपाय होता. जर्मन संशोधक रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा अभ्यास केला व तो तेथील तलावाच्या पाण्यातही दाखविला. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून निरोगी माणसाच्या पोटात, हा रोगाचा मार्ग यामुळे अधिक स्पष्ट झाला.

शुद्धतेच्या दोन कल्पना :
या शोधानंतर चार दशकांनी, २० मार्च १९२७ रोजी, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. तरीही सनातन्यांनी तळे 'बाटले' असे ठरवून त्यात शेण, गोमूत्र, दूध व दही ओतून त्याचे 'शुद्धीकरण' केले. जीवाणूशास्त्राच्या दृष्टीने पाहता, माणसाच्या स्पर्शाला अशुद्ध मानणाऱ्यांनी आतड्यातील जीवाणूंनी भरलेले शेण स्वतःच्या हाताने पिण्याच्या पाण्यात मिसळले. जीवाणू जात पाहत नाही. तो केवळ मार्ग पाहतो. पुढे १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा या तळ्यावरील हक्क मान्य केला.

निष्कर्ष :
पाण्याची शुद्धता ही जन्मावर नव्हे, तर परीक्षणावर ठरते. आज ग्रामपंचायतीमार्फत पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते. ती योग्य प्रमाणात व नियमित पडणे हेच खरे शुद्धीकरण होय. वालूरच्या बारवेसारख्या वास्तूंचे जतन अवश्य व्हावे. मात्र त्यांचे पाणी पिण्यासाठी वापरावयाचे असल्यास आधी त्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. तसेच, या पायऱ्यांवरून कोणाला उतरू दिले गेले आणि कोणाला वरच थांबावे लागले, हेही गावोगावच्या बारवांच्या इतिहासात नोंदविले जाणे आवश्यक आहे. त्याशिवाय हा इतिहास अपूर्ण राहील.