मराठी रंगभूमीवरील 'हॅम्लेट' : नाट्यप्रयोगाच्या समीक्षेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
एलिझाबेथकालीन नाटकाचा मराठी प्रयोग पाहणारा समीक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो : मूळ कलाकृती कितपत उतरली? हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. प्रयोगाचे मूल्यमापन त्या काळातील मराठी रंगभूमीची गरज ध्यानात घेऊन व्हावे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात 'हॅम्लेट'च्या दोन मराठी अवतारांच्या आधारे केले आहे.

विवेचन :
शेक्सपिअरने 'हॅम्लेट' 1600 च्या सुमारास, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस लिहिले. गो. ग. आगरकरांचे 'विकारविलसित' हे त्याचे मराठी रूप 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. तीनच वर्षांपूर्वी, 1880 मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने संगीत नाटकाचे युग सुरू केले होते. अशा काळात कर्तव्यापुढे थबकलेल्या मनाची घालमेल केवळ गद्य स्वगतांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे हे धाडसच होते. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी (1867-1922) यांनी ते पेलले आणि गद्य रंगभूमीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच मंडळीत बळवंतराव जोग नायिकेच्या भूमिका करीत. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची ही प्रथा एलिझाबेथकालीन रंगभूमीवरही होती, हे साम्य लक्षणीय आहे.

2018 मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाना जोग यांच्या भाषांतराच्या आधारे 'हॅम्लेट' पुन्हा रंगभूमीवर आणले. सुमीत राघवन यांनी नायकाची भूमिका केली. या वेळी पात्रांची नावे बदलण्याची गरज भासली नाही. शेक्सपिअर आता अभ्यासक्रमातून, चित्रपटांतून परिचित झालेला होता. पहिल्या प्रयोगापुढे परके नाटक आपलेसे करण्याचे आव्हान होते. दुसऱ्यापुढे परिचित नाटक पुन्हा जिवंत करण्याचे. चंद्रसेन हे नाव मूळनिष्ठेच्या निकषावर उणे ठरेल, आणि देशीपणाच्या निकषावर 2018 चा प्रयोग परका भासेल. दोन्ही निर्णय अन्यायकारक होत.

येथे इतिहासलेखनाचा प्रश्न उद्भवतो. संहिता ग्रंथालयात टिकते. प्रयोग पडद्याबरोबर संपतो. उरतात त्या आठवणी आणि परीक्षणे. परंतु परीक्षण नटाच्या गौरवापुरतेच सीमित राहिले, तर कोणते प्रवेश गाळले, स्वगताच्या वेळी प्रेक्षागृह कसे होते, कोणत्या वाक्याला अनपेक्षित हशा आला, याची नोंदच राहत नाही. उद्याच्या संशोधकाला गौरवापेक्षा या नोंदींची निकड अधिक असते.

समारोप :
वाशी येथील महापालिकेचे नाट्यगृह विष्णुदास भावे यांच्या नावाने ओळखले जाते. 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर करणाऱ्या भाव्यांचे हे स्मरण उचितच आहे. मात्र तेथे होणाऱ्या प्रयोगांच्या डोळस नोंदी लिहिणे हे स्मरणाचेच पुढचे पाऊल ठरेल. नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या मराठी, इंग्रजी व इतिहास विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून अशी परीक्षणे लिहून घेतल्यास नाटक केवळ परीक्षेचा विषय राहणार नाही. आज लिहिलेले परीक्षण हेच उद्याचे इतिहाससाधन आहे, ही जाणीव त्यामागे असावी.