अजिंठ्याच्या पाऊलवाटा : सोयगाव परिसरातील पायी प्रवासाचा इतिहास

अजिंठ्याच्या लेण्यांविषयी आजवर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात शिल्प, चित्रकला, लिपी आणि राजवंश यांची चर्चा प्राधान्याने आढळते. त्या लेण्यांपर्यंत माणसे कोणत्या वाटेने गेली, कोणाच्या आधाराने गेली आणि ज्या गावांतून ती वाट जात होती त्या गावांचे पुढे काय झाले, या प्रश्नांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. सांप्रत ‘निसर्ग पर्यटन’ या नावाने डोंगरातील एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाण्याची आवड वाढत असून सातमाळा अथवा अजिंठा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रांगेतही असे प्रवासी येऊ लागले आहेत. हा प्रकार अगदी नवा आहे असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः या रांगेतील पायी प्रवासाला मोठा इतिहास असून त्यातून आजच्या प्रवाशालाही काही बोध घेता येण्याजोगा आहे. त्या इतिहासाची रूपरेषा मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. सोयगाव तालुका प्रशासनाच्या दृष्टीने मराठवाड्यात मोडत असला तरी त्याचा बराचसा भाग घाटाखाली, तापीच्या खोऱ्यात आहे. वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, लेण्यांच्या माथ्याशी सात टप्प्यांनी खाली उडी घेते आणि पुढे खानदेशातून वाहत जाऊन तापीला मिळते. बोली, बाजार आणि सोयरीक या तिन्ही बाबतींत येथील गावांचा ओढा जळगाव, पाचोरा व जामनेर यांकडे आहे. डोंगराच्या कुशीत फर्दापूर, लेणापूर, सावळदबारा, जरंडी, बनोटी, हळदा-वेताळवाडी अशी गावे असून भिल्ल, तडवी, कोळी, बंजारा आदी समाजांची वस्ती या पट्ट्यात आहे.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सदाहरित वर्षावनांशी या रानाची तुलना करता येत नाही. हे शुष्क पानझडीचे रान होय. सालई, धावडा, पळस, खैर, टेंभुर्णी, अंजन हे येथील वृक्ष. वर्षावन बारमाही मिटलेले असते. हे रान मात्र ऋतूप्रमाणे मिटते आणि उघडते. श्रावणात जी दरी हिरवी व अगम्य वाटते, तीच वैशाखात उघडी पडते. इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या डोंगरातून दक्षिणोत्तर वाहतूक प्राचीन काळापासून चालू होती. प्रतिष्ठान आणि भोगवर्धन, म्हणजे आजचे पैठण व भोकरदन, या नगरांकडून उत्तरेस जाणाऱ्या सार्थांना हा डोंगर ओलांडावाच लागे. विहारांची स्थापना अशा मार्गाजवळ, परंतु त्याच्या गजबजाटापासून किंचित दूर होत असे. अजिंठा हे त्याचे ठळक उदाहरण होय. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, आणि जंजाळ्याजवळील घटोत्कच लेण्यातही त्याच्याच कुलाचा लेख आहे. हे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखसंग्रहात समाविष्ट आहेत. एकाच दात्याची दोन दाने एकाच रांगेच्या दोन दऱ्यांत असावीत, यावरून त्या दऱ्या परस्परांना पाऊलवाटांनी जोडलेल्या असल्या पाहिजेत असे अनुमान करणे अवाजवी होणार नाही. वेताळवाडी व जंजाळा हे किल्ले आणि बनोटीच्या बाजूचा सुतोंडा हा किल्ला पाहिला, म्हणजे मध्ययुगातही घाटवाटांवर पहारा ठेवण्याची गरज संपली नव्हती हे ध्यानात येते. फर्दापूर व अजिंठा येथील सराया हा त्याच परंपरेचा पुढील दुवा होय. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाल्यावर वेलस्लीच्या सैन्यातील जखमींसाठी अजिंठा गावी रुग्णालय थाटण्यात आले होते. तात्पर्य, ज्या प्रदेशाला पुढे ‘अज्ञात’ म्हटले गेले, तो वास्तविक राबता असलेल्या मार्गावरचा प्रदेश होता.

या पार्श्वभूमीवर १८१९ च्या प्रसिद्ध ‘शोधा’कडे पाहिले पाहिजे. मद्रासच्या अठ्ठाविसाव्या घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील स्तंभावर आपले नाव, पथक आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. वाघाच्या शिकारीची व वाट दाखविणाऱ्या गुराख्याच्या पोराची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, तिच्यातील वाघ किंवा पोर यांपैकी कोणाचाही उल्लेख त्या कोरीव ओळीत नाही. कथा खोटी आहे असे यावरून ठरत नाही. परंतु लेख काय सांगतो आणि परंपरा काय सांगते, यांतील भेद संशोधकाने राखलाच पाहिजे.

तथापि त्या ओळीतील तारीख स्वतः पुष्कळ बोलकी आहे. एप्रिलच्या अखेरीस हे रान पर्णहीन असते, गवत वाळून गेलेले असते, आणि समोरच्या कड्यावरून नालाच्या आकाराच्या दरीतील लेण्यांची मुखे दिसू शकतात. त्या दिवसांत वाघुरेचा ओघ क्षीण होतो आणि कुंडांतच काय ते पाणी उरते. पाण्यापाशी जनावर येते, जनावरामागे शिकारी येतो, आणि गुरे घेऊन गुराखीही तेथेच येतो. म्हणून स्मिथचे त्या ठिकाणी पोहोचणे हा निव्वळ दैवयोग नव्हता. पाण्याच्या वाटेने जाणाऱ्याला उन्हाळ्यात तेथे पोहोचणे स्वाभाविकच होते. ती वाट गावकऱ्यांच्या नित्याच्या पायाखालची होती. लेण्यांजवळच्या वस्तीचे लेणापूर हे नावच तिच्या रहिवाशांना लेण्यांची ओळख होती याची साक्ष देते. शोध लागला तो युरोपीय विद्वत्तेला. स्थळ हरवलेले नव्हते.

स्मिथनंतर जे प्रवासी आले त्यांच्या लेखनात भीतीचा सूर प्रबळ आहे. लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर १८२४ मध्ये येथे आला, तेव्हा वाघ आणि भिल्ल या दोघांचे भय त्याला घालण्यात आले होते. या भयामागे तत्कालीन राजकारण होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. घाटवाटांची राखण करून मिळणारे भिल्लांचे परंपरागत हक्क डळमळले आणि डोंगरात संघर्ष पेटला. १८२५ मध्ये कंपनीने खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापिल्या, त्यांपैकी दक्षिणेकडील एजन्सी कन्नडकडे होती. त्याच वर्षी जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. ज्यांना प्रवासवर्णने लुटारू म्हणतात, तेच लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या घाटांचे रखवालदार होते, ही गोष्ट वाचकाने दृष्टीआड होऊ देता कामा नये.

पुढे १८२८ मध्ये कॅप्टन ग्रेस्ली व राल्फ येथे आले. त्याच सुमारास डॉ. जेम्स बर्ड यानेही लेणी पाहिली. भिंतीवरची चित्रे सोलून नेण्याचा प्रयत्न बर्डने केला, आणि राल्फने प्रिन्सेपला धाडलेल्या पत्रात त्याविषयी तक्रार आहे. निसर्ग वा कला पाहावयास आलेला प्रवासीच तिचा नाश कसा करू शकतो, याचे या प्रदेशातील हे जुने उदाहरण होय. स्मिथची कोरीव ओळही, खरे पाहता, त्याच जातीची आहे.

१८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसनने लेणी पाहिली व १८४३ मध्ये त्याचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. त्याचा परिणाम म्हणून १८४४ मध्ये रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नेमणूक झाली. गिल येथे प्रवासी म्हणून आला आणि रहिवासी होऊन राहिला. अजिंठा गावी त्याच्यासमवेत राहिलेली पारो ही स्थानिक स्त्री १८५६ मध्ये वारली. तिची समाधी तेथे आहे. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. अजिंठ्याच्या त्या शतकातील साऱ्या वृत्तांतात एका स्थानिक व्यक्तीचे नाव टिकून राहिले ते एका थडग्यामुळे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

लोहमार्ग खानदेशात आल्यावर प्रवासाचे स्वरूप पालटले. जळगाव, आणि पुढे पाचोरा-जामनेर या अरुंद लोहमार्गावरील पहूर, येथे उतरून फर्दापूर गाठता येऊ लागले. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी प्रतिकृतींचे काम केले. त्यांच्या चमूत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे तरुण चित्रकार होते. त्यांचा तळ फर्दापूरला असे व लेण्यांकडची वाट रोजची होती. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानचे पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि गुलाम याजदानी यांच्या कारकिर्दीत लेण्यांच्या संरक्षणास व्यवस्थित रूप आले. लेणी निजामाच्या मुलखात, तर लोहमार्ग ब्रिटिश खानदेशात. त्यामुळे प्रवासी एका राज्यात उतरे आणि दुसऱ्या राज्यात पाहुणा होई. १९४८ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण, १९५६ मध्ये मराठवाड्याचा द्वैभाषिक मुंबई राज्यात समावेश आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना या टप्प्यांनी ती सीमा पुसली गेली. १९८३ मध्ये लेण्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पक्की सडक झाली, आणि सडकेबरोबर पाऊलवाट मागे पडली. जो प्रवास पूर्वी गावातून होत असे, तो आता गावाच्या बाजूने होऊ लागला.

येथे आजच्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष निसर्ग पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. निसर्गाचे रक्षण आणि स्थानिकांचे हित या दोन्ही गोष्टी साधणारा जबाबदार प्रवास, अशी या पर्यटनाची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. सोयगावच्या परिसरात वेताळवाडीचा किल्ला, रुद्रेश्वराचे लेणे, हळद्याचा घाट, जंजाळा आणि घटोत्कच अशी एक सलग वाट पायी जाणाऱ्याला उपलब्ध आहे. या रांगेच्या पश्चिम भागात गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून आहे. निसर्गरक्षणाच्या कायद्यांबरोबरच २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्कांचा आधार दिला आहे. तेव्हा रानातील वाटेचा विचार करताना प्रवासी व वनखाते यांच्यासह गाव हा तिसरा पक्ष गृहीत धरावाच लागतो.

उपर्युक्त इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, या प्रदेशातील प्रत्येक प्रवासी स्थानिक ज्ञानावर अवलंबून होता, परंतु त्या ज्ञानाच्या धन्यांची नोंद जवळजवळ कोणीच केली नाही. दुसरी अशी की, प्रवाशाच्या सद्‌हेतूने स्थळाचे रक्षण होतेच असे नाही. चित्रे सोलणारा बर्ड हाही विद्याव्यासंगी होता. तिसरी अशी की, सडकेने स्थळ जवळ आले तरी गाव जवळ येत नाही. गावाहून गावी पायी जाणारा प्रवासी ही उणीव भरून काढू शकेल. पण तो वाटाड्याचे नाव विचारून लिहून ठेवील, त्याच्या श्रमाचे मोल देईल आणि रानाच्या ऋतूला मान देईल तरच. अन्यथा जुन्या ‘शोधा’ची ती नवी आवृत्ती ठरेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पाणवठे, घाट, खिंडी व शेतशिवारे यांची स्थानिक नावे संकलित करणे, जुन्या वाटा प्रत्यक्ष चालून नकाशावर आणणे, आणि गुराखी, डिंक व तेंदूपाने गोळा करणारे, बाजाराला घाट उतरणाऱ्या स्त्रिया यांच्या आठवणी लिहून घेणे, ही कामे ग्रंथालयात बसून होणारी नव्हेत. वाटा बुजत चालल्या आहेत आणि त्या ज्यांच्या पायांखाली रुळल्या ती पिढीही थकत चालली आहे. दहाव्या लेण्यातील स्तंभावर एकाच माणसाचे नाव कोरलेले आहे. त्याला तेथवर नेणाऱ्या वाटेवर कितीतरी माणसे चालत होती. त्यांचा इतिहास लिहिण्यास आरंभ करावयाचा तर तो आताच केला पाहिजे.