कुंडी भंडारा : बुऱ्हाणपूरची भूमिगत जलव्यवस्था

मध्य प्रदेशातील तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहराला मोगल काळापासून पाणी पुरविणारी भूमिगत जलव्यवस्था ‘कुंडी भंडारा’ किंवा ‘खूनी भंडारा’ या नावाने ओळखली जाते. बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. नदी शेजारी असली, तरी शत्रूने तिच्यात विष कालवल्यास छावणीचे काय, या चिंतेतून ही योजना आकारास आली, असे सांगितले जाते. अब्दुर रहीम खान-ए-खानान यांच्या कारकिर्दीत, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने तिची आखणी केली. मूळच्या आठ योजनांपैकी सहा शिल्लक आहेत.

रचना इराणातील ‘कनात’ पद्धतीची आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी तापीकडे झिरपत असते. ते वाटेतच भुयारात अडवून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले जाते. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या खोदलेल्या असून त्यांची संख्या शंभरावर आहे. हवा खेळती ठेवणे, गाळ उपसणे आणि पाणी काढणे ही तिन्ही कामे त्यांतून होतात. या पद्धतीची खरी मेख वेगळीच आहे. भुयाराच्या पातळीवर जेवढे पाणी येईल, तेवढेच मिळते. त्याहून अधिक उपसा मनात आणले तरी करता येत नाही.

कूपनलिकेला अशी मर्यादा नाही. केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात पाण्याची मागणी मोठी आहे. भूजलपातळी भुयाराखाली गेली, की भुयार शाबूत असूनही कोरडे पडते. डोंगरातील वृक्षतोडीने पाणी मुरणे घटते. नेपानगर परिसरातील जंगलतोड २०२२-२३ मध्ये बरीच गाजली होती. त्यात चुन्याचे थर साचून भुयारे अरुंद होतात, ते निराळेच.

गोमंतकीयांना हा पेच अपरिचित नाही. खाजन शेतीतील बांध आणि मानस गावकरीच्या सामूहिक शिस्तीवर टिकले. ती शिस्त सैलावली, तिथे खारे पाणी शेतात शिरले. योगायोग असा, की २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर ‘हर घर जल’ प्रमाणित पहिला जिल्हा ठरला आणि पाठोपाठ गोवा पहिले राज्य. या प्रमाणपत्रात घरोघरच्या नळांची मोजदाद होते. नळामागचा डोंगर त्यात येत नाही.

मार्च २०२४ मध्ये खूनी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. अंतिम नामांकनासाठी वारसास्थळाची हद्द निश्चित करावी लागते आणि सर्वसाधारणपणे भोवतालचे संरक्षित क्षेत्रही आखावे लागते. त्या आखणीत कुंड्यांच्या रांगेबरोबर सातपुड्याच्या पायथ्याचा पाणी मुरणारा उतारही धरला जाणे आवश्यक आहे.