जुन्या मशीनमधली मराठी

आज आपण सुरुवात एका जुन्या मशीनपासून करू. अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या जुन्या डीटीपीच्या दुकानात गेलात, तर कोपऱ्यात विंडोज ९८ किंवा एक्सपीवर चालणारा, पिवळा पडलेला संगणक अजून दिसू शकतो. शेजारी नवा संगणक असतो, रोजचं काम त्याच्यावरच चालतं. 'मग हे काहून ठेवलं भाऊ?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'जुन्या फायली त्याच्यातच उघडतात ना!'

हे उत्तर साधं वाटतं, पण त्यात मराठी संगणकाचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

१९८३ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकाचं काम झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि हे काम तिच्याकडे आलं. संस्थेचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर. 'परम' महासंगणकामुळे ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं जन्मगाव मुरंबा, ते मात्र अनेकांना माहीत नसतं. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव, म्हणजे आपल्या घरचीच गोष्ट.

या कामातून 'जिस्ट' कार्ड आलं. ते संगणकाच्या आत बसवायचं. त्या काळी डॉसवर वर्डस्टार, डीबेस असे प्रोग्राम चालत. ते इंग्रजीसाठी लिहिलेले, मराठीचा त्यांना गंधही नव्हता. ते आपले प्रत्येक अक्षराचा क्रमांक पडद्याकडे पाठवत. हे कार्ड मध्ये उभं राहायचं, क्रमांक वाचायचं आणि पडद्यावर देवनागरी काढायचं. जोडाक्षर कसं होईल, वेलांटी कुठे बसेल, हे कार्ड पाहायचं. प्रोग्रामला पत्ताच नाही, की आपण मराठीत काम करतोय!

महत्त्वाचं म्हणजे कुठल्या अक्षराला कोणता क्रमांक, याचं मानक जाहीर होतं. त्याचं नाव इस्की. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ते छापलं गेलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

मग विंडोज आलं आणि छपाईची दुकानं गल्लोगल्ली झाली. इथे वाट बदलली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या जागी. प्रत्येकाची मांडणी वेगळी. पत्रिका छान छापून यायची, पण संगणकाच्या लेखी फाइलमध्ये मराठी नव्हतीच. तो फॉन्ट काढून घ्या, की उरतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं.

आमच्याकडे एकदा एका गावाच्या स्मरणिकेची सीडी आली होती. उघडली तर शंभर पानं असाच कचरा. गावच्या शाळेचा, पुराचा, जुन्या माणसांचा इतिहास त्यात होता, आणि वाचता एक ओळ येईना.

म्हणून ते जुनं मशीन लागतं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्राम चालतच नाहीत. काही सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावायचं डोंगल लागायचं. आजच्या संगणकाला सहसा ते पोर्टच नसतं.

यावर जगभरात दोन तऱ्हेचे उपाय निघाले. पहिला, जुनं घर जसंच्या तसं नव्या घरात उभं करायचं. २००२ पासून असलेलं डॉसबॉक्स असंच डॉसचा संगणक भासवतं. व्हर्च्युअल मशीनमध्येही आपण जुनं विंडोज बसवू शकतो. दुसरा उपाय दुभाष्याचा. १९९३ मध्ये सुरू झालेलं 'वाइन' लिनक्सवर बसतं. प्रोग्राम विंडोजच्या भाषेत 'ही फाइल उघड' म्हणतो, वाइन ते काम लिनक्सकडून करून घेतं. या दुभाष्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! यावरून कामाचा आवाका लक्षात येईल. आणि एवढं करूनही डोंगल मागणारं सॉफ्टवेअर अनेकदा अडतंच.

आता गंमत बघा. इस्कीतला जुना मजकूर कार्ड नसतानाही वाचता येतो, कारण त्याची किल्ली जाहीर आहे. त्यानंतरचा, फॉन्टमधला मजकूर मात्र अडकतो, कारण तिथे किल्ली त्या-त्या फॉन्टच्या पोटात आहे. म्हणजे नवं ते सोपं, असं इथे नाही.

किल्लीचा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्या अभ्यासकांना ती लिपी उलगडली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर शतकानुशतकं पंथातल्या लोकांनी किल्ली जपली, गुरूकडून शिष्याला दिली, म्हणून मराठीचं हे धन टिकलं. आपल्या स्मरणिकांची, दिवाळी अंकांची किल्ली कोण जपतंय?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. जुनं मशीन चालू आहे तोवर त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल करा. फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या सीड्या सोबत ठेवा. फायलींच्या पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि छापील प्रतीशी ताडून बघा, कारण यंत्र चुकतं. 'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. रूपांतरात त्यातला अर्धा ऱ् जाऊन डोक्यावर रफार चढतो आणि 'वर्हाड' होतं. ही चूक आपल्यालाच दिसणार.

जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालवणं हा हौशी लोकांचा खेळ समजला जातो. आपल्यासाठी तो आपलंच लिहिलेलं वाचण्याचा मार्ग आहे. पण तो कायमचा नाही. त्यातून मजकूर बाहेर काढेपर्यंत मिळालेली ती मुदत आहे, आणि मुदत संपते.

आता प्रश्न घेऊ.