हिंगणे आश्रमशाळा : विद्यार्थिनींचे इंग्रजी आणि लेखन

पुण्याजवळ हिंगणे बुद्रुक येथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी चालवलेल्या स्त्रीशिक्षण संस्थेतील विद्यार्थिनींचे भाषा व वाङ्मय यांतील कर्तृत्व. संस्था घाटावरची, ती उभारणारी माणसे मात्र रत्नागिरी जिल्ह्यातली. दापोली तालुक्यातले मुरूड हे कर्व्यांचे गाव. पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया आणि मेहुणी पार्वतीबाई आठवले या देवरुखच्या जोशांच्या लेकी.

अनाथ बालिकाश्रम १८९६ साली पुण्यात निघाला आणि १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला. पुढे १९०७ साली महिला विद्यालय व १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठात शिकवण्याचे माध्यम मातृभाषा ठेवले, इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा केला. या मुलींचे इंग्रजी कच्चे राहील, अशी शंका तेव्हा घेतली जाई. ती अगदीच पोकळ होती असे नाही. पण गुणपत्रिकेवरून या शाळेचे माप काढू गेल्यास ते चुकते.

पार्वतीबाई (जन्म १८७०) विशीतच विधवा झाल्या. पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यात येऊन शिकू लागल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी येत नाही ही खंत काही जाईना. तेव्हा १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी थेट अमेरिका गाठली. तिथे परक्यांच्या घरी घरकामाला राहून त्या भाषा शिकल्या, वर आश्रमासाठी निधीही जमवला. असा इंग्रजीचा अभ्यासक्रम दुसऱ्या कोणा मराठी बाईने पुरा केल्याचे क्वचितच आढळेल. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली निघाले आणि जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध झाले.

वाङ्मयात सर्वांत मोठे नाव बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर (जन्म १९०५) यांचे. हिंगण्यालाच शिकून त्या कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने त्यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह काढला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न जमलेल्या मुलींची घुसमट त्यात इतकी उघडपणे आली की महाराष्ट्रात वादळ उठले आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. या कथांतील वसतिगृहे व शिक्षिका लेखिकेने जवळून पाहिलेल्या होत्या, हे वाचताना पदोपदी जाणवते. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींवरची ‘बळी’ ही कादंबरी १९५० सालची.

कर्व्यांच्या सूनबाई इरावती हिंगण्याच्या नव्हेत, हुजूरपागा शाळेच्या. त्यांनी आपल्या ‘युगान्त’ या पुस्तकाचे इंग्रजी रूप स्वतःच सिद्ध केले; दोन्ही भाषांवर असा हात हिंगण्याच्या लेखिकांत दिसत नाही.

महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. मालतीबाईंची या विद्यापीठाची पदवी त्याआधीची, म्हणजे सरकारदरबारी मान नसलेली होती.